फाल्गुनातला सलंग

आमच्या घरमालकांनी टाकीला कधी टाकी म्हटलं नाही. गोंदियातल्या कुठल्याही छतावर असते तशीच ती होती. विटांच्या चौथऱ्यावर बसवलेली, काळ्या प्लास्टिकची, झाकण कायम थोडं तिरपं. पण ते तिला तलाव म्हणायचे. सकाळी "तलावात पानी किती हाय पाहून येतो" असं म्हणून जिना चढायचे आणि बोटाच्या पेरांनी टाकीच्या अंगावर वरून खाली ठोकत यायचे. पोकळ आवाज संपून भरीव आवाज लागला की तिथेच थांबायचे, डोळे मिटायचे आणि तापलेल्या पोराचा ताप उतरल्यासारखं समाधानाने हसायचे.

मी त्यांना काकाजी म्हणायचे. एका राईस मिलमध्ये मुनीम होते, तिथून रिटायर झालेले. अंगात बंडी, खाली पायजमा, आणि गळ्यात नाडीने बांधलेली बॅटरी, भर दुपारी सुद्धा. टाकीच्या आत डोकावून पाहायला उजेड लागतो म्हणून. त्यांच्या आज्या-पणज्यांनी आमगावकडे गावोगाव तलाव बांधले होते. त्या तलावांवर आजही धान पिकतं. स्वतः काकाजींच्या वाट्याला तलाव काही आला नाही, मिलची नोकरी आली. मग उभ्या जन्माची हौस त्यांनी त्या टाकीवर भागवली.

"मी लगन होऊन आली तवा याच्या तोंडात तलाव होता, आता टाकी हाय," काकू म्हणायच्या. "माह्यं नाव अजून याच्या तोंडात आलं नाई."

मी सौंदडची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. बी.एस्सी. झाल्यावर गोंदियातल्या एका खासगी शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली, तेव्हा काकाजींच्या घरातली वरच्या मजल्यावरची एकुलती एक खोली भाड्याने घेतली. बाबा दुसऱ्याची जमीन ठेक्याने घेऊन धान पिकवतात. पोरीने शहरात एकटीने राहावं हे त्यांना अजिबात मान्य नव्हतं. "गाडीनं जाय, गाडीनं ये, खोली कायले पाह्यजे?" असं त्यांचं म्हणणं. खूप ओढाताण झाली. शेवटी ठरलं की मी आधी राहून पाहायचं आणि होळीच्या आधी बाबांनी येऊन खोली बघायची. त्यांना पटली तर राहायचं, नाही तर त्याच दिवशी गादी गुंडाळून त्यांच्या मागे सौंदडला. माझ्या आयुष्यात आतून कडी लावता येईल अशी ती पहिली जागा. ती मला सोडायची नव्हती.

त्या घरात आंघोळीचा सुद्धा कायदा होता. तलावाचं पाणी शेतांना सोडतात तेव्हा शेवटच्या टोकाच्या शेताला आधी द्यायचं, तलावाला लागून असलेल्याने थांबायचं, अशी काकाजींच्या गावची रीत. तीच त्यांनी नळांना लावली. टाकीपासून सगळ्यात लांबचा नळ मागच्या खोलीतल्या कंपाउंडरचा, म्हणून पहिली आंघोळ त्याची. मग काकू. माझी खोली टाकीच्या अगदी खाली, म्हणजे मी तोंडावरची कास्तकार, म्हणून माझा नंबर शेवटी.

"काकाजी, माझी शाळा भरते तोवर," मी पहिल्याच आठवड्यात भांडले. "तुमचा कंपाउंडर दवाखान्यात जातो अकराला. तो काऊन आधी?"

"तो टोकावर हाय, बाई. टोकावरच्याले तुह्यासारखं भांडता येत नाई. पानी त्याच्यापर्यंत पोचते तवा मरून पोचते."

"मग मी बिनाआंघोळीची शिकवू का?"

काकाजींनी पुष्कळ विचार केला. कायदा मोडायला ते तयार नव्हते, मला उशीर होऊ द्यायलाही नव्हते. दुसऱ्या दिवशीपासून काकूंच्या नंतरची पाळी, जी त्यांची स्वतःची होती, ती त्यांनी मला दिली आणि स्वतः शेवटी गेले. बारा वाजता आंघोळ करून, केस ओले, कपाळाला गंध लावून ते अंगणात उगवायचे तेव्हा शेजारणीला वाटायचं, या घरी रोज कसली तरी पूजा असते.

आता सलंगाचं सांगते. तलाव तुडुंब भरला की जास्तीचं पाणी जाण्यासाठी पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, एका टोकाला वाट ठेवलेली असते. त्या सांडव्याला आमच्या झाडीपट्टीत सलंग म्हणतात. श्रावण-भादव्यात "सलंग निघाला" अशी आवई उठली की अख्खं गाव पाहायला पळतं. सलंग निघाला म्हणजे तलाव भरला, तलाव भरला म्हणजे धान हाती आलं. बाया हळदीकुंकू वाहतात, पोरं त्या पाण्यात लोळतात.

तर फाल्गुनातल्या एका सकाळी नळाला पाणी आलं, टाकी भरली, आणि टाकीच्या वरच्या अंगाला असलेल्या ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी गळायला लागलं. टप, टप, टप, मग बारीक धार. काकाजी छतावरच होते. ते जिन्यावरून असे खाली आले की मला वाटलं पडलेच.

"निघाला," ते म्हणाले.

"काय निघालं?" काकूंनी विचारलं. "साप?"

"सलंग. फागुनात सलंग. माह्या बापानं पाह्यला नाई, आज्यानं पाह्यला नाई."

त्यांनी आम्हा सगळ्यांना छतावर नेलं. पाइपाला हळदीची बोटं लावली, कुंकू लावलं, नारळ फोडला. कंपाउंडरला खोबरं मिळालं, मला मिळालं, शेजारच्या भाभींना भिंतीवरून मिळालं. मी खोबरं चावता चावता म्हटलं, "काकाजी, हा सलंग नाही जी. आतला बॉल बिघडला आहे. टाकी भरली की बॉल वर तरंगतो आणि नळ बंद करतो. आता तो बंद करून नाही राहिला, म्हणून पाणी वाया चाललं आहे."

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "बॉल बिचारा पोहून राह्यला आतमंदी. त्याचा काय कसूर?"

तेव्हापासून रोज सकाळी नळ येई आणि सलंग निघे. काकाजींचं वजन वाढलं. ते शिट्टी वाजवायला लागले. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला "सलंग पाहाले या" म्हणून बोलावायला लागले, आणि गोंदियात अर्ध्या माणसांना सलंग म्हणजे काय ते ठाऊक नसल्यामुळे लोक येतही. काय निघालं आहे ते पाहायला.

त्या पाइपाखाली माझ्या खोलीची भिंत होती. पाणी भिंतीवरून उतरायचं आणि खाली भाभींच्या अंगणात पडायचं. भाभींनी तिथे खाटेवर पापड वाळत घातले होते. त्या भिंतीपलीकडून म्हणाल्या, "भाईसाब, आपकी टंकी हमारे पापड़ पे रो रही है."

"रो नहीं रही भाभी, हँस रही है," काकाजी म्हणाले. आणि संध्याकाळी धोप्याचे, म्हणजे अळूचे, पानांसकट कंद घेऊन स्वतः त्यांच्या अंगणात गेले, पाणी पडतं तिथे वाफा केला, कंद लावले आणि सांगून आले की सलंगाखालच्या जमिनीचा त्या पाण्यावर हक्क असतो, तो तुमच्याकडून कोणी घेऊ शकत नाही. भाभींनी हा हक्क मागितला नव्हता. पण धोपा जगला, त्याच्या पानांच्या वड्या झाल्या, आणि भाभींची तक्रार निम्म्यावर आली.

माझी काही निम्म्यावर आली नाही. आतून भिंतीला ओल धरली. पोपडे सुटले. मी शाळेतून जगाचा जुना नकाशा आणून ओलीवर टांगला, तर चार दिवसांत नकाशा भिजला आणि पॅसिफिक महासागर दक्षिण अमेरिकेत शिरला. आणि बाबांचा फोन आला की येत्या इतवारी येऊन राहिलो.

मी काकाजींना सरळ सांगितलं. "बाबा ही भिंत पाहतील आणि मला घेऊन जातील. मला बॉल बदलू द्या. नवा आणून ठेवला आहे."

तेव्हा पहिल्यांदा त्यांचा चेहरा उतरला. "घेऊन जातील?"

"त्याच पावली."

"पन भरल्या तलावात हात घालत नसतात, बाई. तलावाचं काम उन्हाळ्यात, आटल्यावर. ते रीतच नाई."

"मग पाणी थांबवा कसंही."

ते बराच वेळ बॅटरी लावत-विझवत बसले. त्यांना माझी खोली जायला नको होती, आणि टाकीत हातही जायला नको होता. मग त्यांनी त्यांच्या घराण्याला शोभेल असा उपाय काढला. गावाकडून आणवलेली चिकणमाती आणि धानाचं तणीस घमेल्यात घेतलं, पायजमा वर खोचून ते पायाने तुडवलं, चांगलं लोण्यासारखं मळलं, आणि शनिवारी संध्याकाळी ओव्हरफ्लोच्या पाइपात ठोसून ठोसून भरलं. वरून हात फिरवून लिंपलं. पाळ बांधणाऱ्यांचा वंशज होता, काम सुबक झालं, हे मला मान्य करावंच लागेल.

"आता एक थेंब नाई येत," ते म्हणाले. आणि खरंच, पाइपातून एक थेंब आला नाही.

इतवारी सकाळी नळाला नेहमीपेक्षा जोर होता. मी खोलीत चादर ताणत होते. आधी डोक्यावर कोणीतरी नाचतंय असा आवाज आला. मग खिडकीबाहेर पाण्याचा पडदा आला. पाइप बंद, बॉल नळ बंद करत नाही, तेव्हा पाणी कुठून जाणार? झाकणाखालून, चहूबाजूंनी. छतावरचं पाणी उतरायची मोरी काकाजींच्या उरलेल्या तणसाने तुंबलेली. म्हणून ते सगळं पाणी जिन्याच्या तोंडाशी जमलं आणि एकेक पायरी उतरत खाली निघालं.

आणि खाली बाबा उभे होते. एका हातात तांदळाची थैली, दुसऱ्या हातात कोहळा.

मी वरच्या पायरीवरून पाहिलं आणि मनातल्या मनात गादी गुंडाळायला घेतली. काकू दारात आल्या. त्यांनी जिना पाहिला, बाबांना पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "या जी पाव्हने. पाय धुवाले पानी आधीच सोडून ठेवलं हाय."

बाबांनी थैली ओट्यावर ठेवली. चपला काढल्या. पाणी पायावरून जाऊ दिलं आणि वर पाहत विचारलं, "सलंग निघाला वाटते?"

जिन्याच्या वरच्या टोकाला काकाजी होते, हातात घमेलं, गळ्यात बॅटरी, कमरेपर्यंत भिजलेले. इतक्या वर्षांत गोंदियात पहिल्यांदा कोणीतरी न सांगता तो शब्द उच्चारला होता. त्यांच्या डोळ्यांत जे काही होतं त्यातलं नळाचं किती आणि त्यांचं किती, मला सांगता येणार नाही.

"निघाला जी," ते म्हणाले. "पन मीनं बुजवला."

"सलंग बुजवला?" बाबा जिना चढायला लागले. "कायले?"

"तुमच्यासाठी. तुमी येनार, भीत ओली दिसनार, पोरीले घेऊन जासान."

"येडे झाले का तुमी? सलंग बुजवला तर पाळ फुटन नं."

"मले समजत नाई का? पन पोरगी जाऊन राह्यली होती."

माझे बाबा, जे मला घ्यायला आले होते, माझ्याकडे न बघता माझ्या बाजूने छतावर निघून गेले. पाच मिनिटांत दोघे गुडघे टेकून पाइपातली माती उकरत होते. एक उकरतोय, दुसरा सांगतोय "तिरपी काड, तिरपी". कोणी कुणाला नाव विचारलं नव्हतं. बूच निघालं तशी धार सुटली, भिंतीवरून थेट भाभींच्या अंगणात. पलीकडून आवाज आला, "भाईसाब, आज तो पूरा तालाब छोड़ दिए क्या?"

"मेहमान आए हैं भाभी," काकाजी ओरडले.

मी नवा बॉल घेऊन वर आले. "दोघंही जरा बाजूला व्हा."

"भरल्या तलावात," काकाजी म्हणाले.

"हात घालू नोको," बाबांनी वाक्य पूर्ण केलं.

"बाबा, हा तलाव नाही," मी म्हटलं. "ही टाकी आहे."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. देवळात कोणीतरी शिवी दिल्यासारखं. ते सावरायच्या आत मी नळाचा व्हॉल्व बंद केला, झाकण उचललं आणि आत हात घातला. जुना बॉल निम्मा बुडालेला होता. फिरवून काढला आणि दोघांच्या कानाशी हलवला. आत पाणी खळखळलं.

"याला चीर गेली आहे. याच्या पोटात पाणी शिरलं. हलका असतो तर वर आला असता आणि नळ दाबून बंद केला असता. जड झाला, म्हणून खालीच बसला. नळाला वाटतं टाकी रिकामी आहे, तो पाणी देतच राहतो."

मी शाळेत सातवीला शिकवते त्याच आवाजात सांगत होते, हे मला नंतर कळलं. बाबा उकिडवे बसून ऐकत होते. माझा एकही तास त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांनी खिशातून बिडी काढली, तोंडाशी नेली आणि पुन्हा खिशात ठेवली. गुरुजींसमोर ठेवतात तशी.

नवा बॉल बसवला, व्हॉल्व उघडला. पाणी चढलं, बॉल चढला, दांडी वर गेली आणि आवाज थांबला. पाइपातून शेवटचे दोन थेंब पडले. मग काही नाही.

"म्हणजे आता सलंग निघनार नाई," काकाजी म्हणाले.

"नाही."

"कधीच नाई?"

मला एवढं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं. बाबा त्यांना म्हणाले, "तलाव तर भरून हाय नं जी," पण त्यांनी ऐकलं नाही. त्यांनी बॅटरी लावली, आत पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा रीत मोडून टाकीत हात घातला. एका बोटाने बॉल हळूच खाली दाबला. नळ सुरू झाला, पाणी चढलं, पाइपातून धार लागली. बोट काढलं. धार थांबली. पुन्हा दाबलं. पुन्हा धार.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. "हातात आला," ते म्हणाले. "माह्या पूर्वजायले पावसाची वाट पाहा लागे."

मग बाबांनीही दाबून पाहिलं. मग काकाजींनी. मग "थांबा जी, आता माही पाळी" असं सुरू झालं, आणि भाभी खालून "अरे बस करो, धोपा डूब गया" म्हणेपर्यंत दोन म्हातारे फाल्गुनात सलंग काढत बसले.

जेवणात काकूंनी कोहळ्याची भाजी केली. हात धुऊन बाबा माझ्या खोलीत आले. नकाशा उचलून भिंत पाहिली. तळहात लावला, हात ओला झाला. तो त्यांनी दोनदा पुसला, तेव्हाच काय बोलणार ते मला कळलं.

"मानसं बेस हायेत," ते म्हणाले. "पन खोली ओली हाय, माय. तुह्या छातीत कफ होईन. चाल घरी. गाडी हाय साडेतीनची."

मी काही म्हणायच्या आत दारातून काकाजी म्हणाले, "पाव्हने, तुमच्या गावी तलावाले पानकर हाय का?"

पानकर म्हणजे तलावाच्या पाण्याचा कारभारी. कुणाला कधी पाणी द्यायचं, तुटलं-फुटलं काय ते त्याने बघायचं. गावात त्याचा शब्द पाटलाच्या वर चालतो.

"हाय नं," बाबा म्हणाले. "पानकराबिगर तलाव कसा चालन?"

"रायते कुठं तो?"

"तिथंच. पाळीवर घर हाय त्याचं."

"दुसऱ्या गावी राहून गाडीनं ये-जा काऊन नाई करत?"

"वा जी. इकडं तो गाडीत बसला असन आन तिकडं पाळ फुटली तर?" बाबा बोलून गेले आणि थांबले. आपण कुठे येऊन उभे राहिलो ते त्यांच्या लक्षात आलं होतं.

"या तलावाले आजपावेतो पानकर नव्हता," काकाजी म्हणाले. "मी नुसता मालक. मले बॉल समजत नाई. आज ज्याच्या हातानं पानी थांबलं, तो पानकर. आता तुमी त्याले सौंदडले न्या म्हनता, तर न्या. पन मंग इथं पाळ फुटली तर टोकावरचा तो कंपाउंडर बिनपान्याचा राहीन, त्याचं पाप कोणावर, ते तुमीच सांगा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. डोकं खाजवलं. माझ्या नोकरीने, पगाराने, पदवीने, माझ्या रडण्याने जे झालं नव्हतं ते झालं. पानकराला पाळीवरून उठवायचं नसतं, हे त्यांना त्यांच्या बापाने शिकवलं होतं.

"भितीले चुना मारून घेजा," ते शेवटी काकाजींना म्हणाले, आणि गाडीला एकटेच गेले.

काकाजींनी दुसऱ्याच दिवशी चुना मारला. मी त्या खोलीत लग्न होईपर्यंत राहिले. पानकर झाल्यामुळे माझी आंघोळ मात्र परत शेवटी गेली. पानकराने सगळ्यांना देऊन मग घ्यायचं असतं म्हणे. काकाजी स्वतः माझ्या आधी आंघोळ करायला लागले आणि त्याबद्दल त्यांना जराही लाज वाटली नाही.

त्या मे महिन्यात सुट्टीला गावी गेले. बाबा पारावर बसले होते, चार-पाच जण भोवती. मला येताना पाहून एकाला म्हणाले, "हे पाहा, आली. गोंदियात पानकर नेमलं हाय हिले."

तो माणूस माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहत राहिला. "बाईमानूस पानकर?"

"मंग?" बाबा म्हणाले. "बीएस्सी हाय ते. तिथं बीएस्सीच्या खालच्याले ठेवतच नाईत."